राईडच्या बारला सील लावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळण्याचा किंवा राईडचा अपघात झाला की बातमीत साधारण दोनच गोष्टी येतात, कुठला तरी भाग तुटला आणि चालकावर गुन्हा दाखल झाला. सीटवर माणसाला धरून ठेवणारा बार कसा होता, तो त्या माणसाच्या अंगाला नीट बसत होता का, लागला नसता तर राईड सुरूच झाली नसती अशी काही सोय होती का, हे कोणी विचारतच नाही. मी सोलापूरजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, प्रेस मशीनचे गार्ड आणि सेन्सर सांभाळणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. पत्र लांबलंय पण कृपया कापू नका, यातला मुद्दा तपशीलातच आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो म्हणून शहर आहे, थीम पार्कांचं गावच म्हणा ना. तिथे आयकॉन पार्कमध्ये फ्री फॉल नावाची राईड होती, ४३० फूट उंच टॉवर, वर नेऊन सीट पुढे झुकवायची आणि सोडून द्यायची. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि २४ मार्च २०२२ ला रात्री त्यातून १४ वर्षांचा एक मुलगा खाली पडून गेला. मुलगा वयाच्या मानाने खूप मोठा होता, सहा फुटांच्या वर उंची आणि वजन १७० किलोच्या आसपास, आणि राईड बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा लिहिलेली होती १३० किलो. त्याआधी दुसऱ्या राईड्सवर त्याला अंगाने मोठा म्हणून बसू दिलं नव्हतं, इथे दिलं.

आता ऐका नक्की काय झालं ते. सरकारने इंजिनिअर लोकांकडून तपासणी करून घेतली, त्यात निघालं की शोल्डर बार तुटला नव्हता. लॉकही उघडलं नव्हतं. राईड खाली येऊन थांबली तेव्हा त्या सीटचा बार खालीच होता आणि लॉकच होता, फक्त मुलगा त्यात नव्हता! बार आणि सीट यांच्यात साधारण सव्वातीन इंच फट राहायला हवी, त्या सीटवर ती जवळजवळ सात इंच होती. मग बार लागल्याचा दिवा का लागला, राईड सुटली कशी, तर त्या सीटचा सेन्सर कोणीतरी हाताने सैल करून, सरकवून, परत आवळून ठेवला होता, म्हणजे बार निम्म्यावर राहिला तरी सिस्टिमला वाटावं की सगळं ओके आहे. अशा दोन सीट सापडल्या. खाली येताना ब्रेक लागले, वेग एकदम कमी झाला आणि मुलगा त्या फटीतून निसटला.

माझ्यासारख्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही, राग येतो. प्रेस शॉपमध्ये हेच बघतो आम्ही. गार्ड उघडा असला की मशीन चालू होऊ नये म्हणून इंटरलॉक असतो, आणि प्रोडक्शनची घाई असली की कोणीतरी तो इंटरलॉक तारेने बांधतो किंवा सेन्सरसमोर पत्र्याचा तुकडा चिकटवतो, मशीन चालतं, शिफ्ट निघते, दहा दिवस काही होत नाही आणि अकराव्या दिवशी कोणाची तरी बोटं जातात. ज्याने तार बांधली त्याच्या मनात कोणाचं वाईट करायचं नसतं. त्याला फक्त वारंवार बंद पडणारं मशीन चालू ठेवायचं असतं. ऑर्लँडोत तो सेन्सर कोणत्या हेतूने सरकवला हे मी सांगू शकत नाही, पण परिणाम एकच, मोठ्या अंगाचं माणूस त्या सीटवर बसू शकायला लागलं आणि यंत्राने नाही म्हणायचं बंद केलं.

त्या सीट्सना वेगळा बेल्ट नव्हता. मुलाच्या आईवडिलांच्या वकिलांनी मांडलं की एका सीटला बेल्ट लावायला २२ डॉलर लागले असते, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास, तीस सीटचे मिळून ६६० डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये ज्युरीने बनवणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीला ३१ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. राईड २०२३ मध्येच पाडून टाकली आणि त्याच वर्षी राज्याने त्या मुलाच्या नावाने कायदाही केला. मुलगा मात्र गेला तो गेला.

आता बार काम कसा करतो ते सांगतो, कारण पालकांना हे कोणी समजावूनच सांगत नाही. राईड वरून खाली सुटते तेव्हा पोटात गोळा येतो ना, तेव्हा सीट आपल्याइतक्याच किंवा आपल्यापेक्षा जास्त जोरात खाली जात असते आणि आपलं अंग सीट सोडून वर उठायला बघत असतं. त्या क्षणी माणसाला सीटवर ठेवणारी एकच गोष्ट असते, तो बार. म्हणून लॅप बार मांड्यांवर, अगदी जांघेजवळ टेकायला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर बार पोटावर टेकतो आणि वाटतं घट्ट बसला, पण पोट मऊ असतं, ते दबतं, सरकतं आणि मांडीवर तेवढीच फट निघते. जुन्या पद्धतीच्या बारला रॅचेट असतं, टक टक करत दाते पकडतात, दोन दात्यांच्या मध्ये बार थांबू शकत नाही म्हणून थोडी ढील राहतेच. नवीन चांगल्या कोस्टरला हायड्रॉलिक सिलेंडर असतो, तिथे बार अंगाला टेकेल तिथे धरला जातो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोघा तिघांत मिळून एकच बार. बाप आणि सात वर्षांची पोरगी शेजारी शेजारी बसलेत, बार खाली ओढला, तो बापाच्या पोटावर अडला, आणि पोरीच्या मांडीच्या वर वीतभर जागा मोकळी राहिली. ऑपरेटरने बार हलवून बघितला, हलत नाही, म्हणजे लागला. अहो पण तो बापाला लागला, पोरीला नाही लागला! आपल्या जत्रांमधल्या किती राईड्स अशा आहेत ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, कोलंबस, सगळीकडे एका बाकावर मावतील तेवढे आणि सगळ्यांना मिळून एक दांडा. उंचीची मर्यादा असते ती लेकरू घाबरेल म्हणून नसते, त्या बारमध्ये त्याचं अंग अडकून राहील की नाही यासाठी असते. पण गेटवर पालक भांडतात, "आमचा मुलगा अजिबात घाबरत नाही हो, सोडा", आणि समोरचा सोडतो.

राईडच्या डिझाईनसाठी जगात मानकं आहेत, अमेरिकेचं एएसटीएम एफ २२९१ आहे, युरोपचं ईएन १३८१४ आहे. एएसटीएममध्ये राईड अंगाला किती जोरात आणि कोणत्या दिशेने फेकते त्यावरून बारचे पाच वर्ग केलेत. संथ राईडला बार नसला तरी चालतो, आणि जिथे माणूस सीटवरून उचललाच जाणार तिथे पाचवा वर्ग, त्यात लॉक डबल पाहिजे, एक निकामी झालं तरी दुसऱ्याने धरून ठेवलं पाहिजे, आणि लॉक लागलंय हे यंत्राने स्वतः तपासून मगच राईड सोडली पाहिजे. आपल्याकडेही बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, राईड्ससाठी आयएस १५४७५ हे मानक आहे. कागद आहेत हो. प्रत्यक्ष मैदानावर त्या कागदाप्रमाणे प्रत्येक सीट कोण बघतो, हा प्रश्न आहे.

यंत्राने सांगूनही माणूस ऐकत नाही असंही होतं. अमेरिकेतच कोलोरॅडोमध्ये ग्लेनवुड कॅव्हर्न्स नावाचा पार्क आहे, तिथे ५ सप्टेंबर २०२१ ला सहा वर्षांची मुलगी अशीच एका ड्रॉप राईडमधून पडून गेली. आधीच्या फेरीत ती सीट रिकामी होती आणि पट्टे सीटवर लावलेले तसेच होते, मुलगी त्या लावलेल्या पट्ट्यांवर जाऊन बसली. कंट्रोल पॅनेलने त्याच सीटचा अलार्म दिला, कारण त्या सीटचा पट्टा मागच्या फेरीनंतर उघडलेलाच नव्हता. ऑपरेटरनी येऊन बघितलं, पट्टा तर लावलेला दिसतोय, मग अलार्म कशाला, असं समजून लॉक उघडून परत लावलं, अलार्म गेला, राईड सोडली. सरकारी अहवालात स्पष्ट आलंय की त्यांना अलार्मचा अर्थच कळला नव्हता. मला यात ऑपरेटरपेक्षा त्यांना शिकवणाऱ्याचा दोष जास्त दिसतो.

कॅन्सस राज्यात तर १६८ फूट उंच वॉटर स्लाईडवर माणसांना धरायला चक्क वेल्क्रोसारख्या चिकटपट्ट्या होत्या, शाळेच्या बुटाला असतात तशा. २०१६ मध्ये तिथे दहा वर्षांचा मुलगा गेला, तो बसला होता तो राफ्ट, म्हणजे रबरी तराफा, उडून वरच्या लोखंडी कड्यांना आपटला. ही स्लाईड जगातली सगळ्यात उंच म्हणून तिची केवढी जाहिरात झाली होती, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला तपासणीचा कायदा कडक करावा लागला.

आणि नियम लिहिलेला असूनही न पाळल्याचं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातलं, डॅरियन लेक पार्क, जुलै २०११. इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक रोलर कोस्टरवर बसला आणि फेकला गेला. त्या राईडवर दोन्ही पाय असले पाहिजेत असा नियम पाटीवर होता, कारण बार मांड्यांवर धरतो. कर्मचाऱ्यांनी त्याला बसू दिलं. का दिलं असेल? देशासाठी पाय दिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हेच झालं असणार. मला त्या पोरांबद्दल वाईट वाटतं, पण नाही म्हणणं हेच तर त्यांचं काम होतं.

ह्या गोष्टीवर मला खास बोलायचंय. आपल्याकडे राईड चालवणारी पोरं बघा, बरीचशी बाहेरगावची, विशीतली, रोजंदारीवर, सकाळी राईड जोडायची रात्री बारापर्यंत चालवायची आणि तिथेच ताडपत्रीखाली झोपायचं. समोर रांग, मागे मालक, हातात तिकिटं. त्या पोराने एखाद्या जाड माणसाला किंवा एखाद्या नगरसेवकाच्या पोराला "तुम्हाला बार बसत नाही, उतरा" असं सांगायची हिंमत कुठून आणायची? तो माणूस तिथे त्याच्या कानाखाली मारेल आणि मालक पण त्यालाच झापेल. म्हणून नाही म्हणायचं काम यंत्रावर पाहिजे, आणि ते यंत्र कोणाला सरकवता येता कामा नये.

आपल्या देशात अपघात कमी नाहीत. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियाला पेंड्युलम राईड मोडून दोघं गेले आणि दोन डझनांहून जास्त लोक जखमी झाले. २०१८ च्या मे महिन्यात आंध्रात अनंतपूरला पाळण्याची ट्रॉली निखळून दहा वर्षांची मुलगी गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात ड्रॉप राईड लोकांसकट खाली आदळली. ३ एप्रिल २०२५ ला दिल्लीत कापसहेड्याजवळच्या पार्कमध्ये रोलर कोस्टरवरून २४ वर्षांची तरुणी पडून गेली. यात कांकरिया आणि मोहालीसारख्या ठिकाणी मूळ सांगाडा किंवा यंत्रणाच गेली, तिथे बार कितीही चांगला असता तरी उपयोग नव्हता, हे मला मान्य आहे, म्हणून फक्त बार तपासा असं मी म्हणत नाही. पण सांगाडा तपासायला निदान कोणीतरी इंजिनिअर येतो, वेल्डिंग बघतो, फाउंडेशन बघतो, सर्टिफिकेट देतो. सीटवर स्वतः बसून, बार ओढून, फट मोजणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा, गड्डा म्हणतो आम्ही, होम मैदानावर पाळणे लागतात आणि अख्खा जिल्हा येतो, शेजारच्या कर्नाटकातून पण लोक येतात. ही यात्रा आम्हाला जीव की प्राण आहे, पाळणे बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, पोरांना वर्षातून एकदा ती मजा मिळते, ज्यांना खोपोलीच्या मोठ्या पार्कचं तिकीट परवडत नाही त्यांची मजा इथेच आहे. म्हणूनच इथली राईड त्या पार्कइतकीच पक्की पाहिजे. राज्यातल्या निरनिराळ्या जत्रांमध्ये मी पाळण्यांजवळ उभा राहून बघतो, सवयच आहे, तर दिसतं ते असं, पाळण्याच्या डब्याचं दार एका साखळीवर आणि हुकावर, हुकाला सेफ्टी क्लिप नाही. दांड्याच्या लॉकमध्ये पिन असायला पाहिजे तिथे खिळा नाहीतर बाइंडिंग वायर. बेल्टचं बकल आहे पण पट्टा उन्हापावसाने पांढरा पडून उसवलेला. एका ठिकाणी एका सीटचा बार लागतच नव्हता तर त्या सीटवर "बसू नका" असं न लिहिता तिथे कॉलेजची दोन पोरं बसवली आणि "घट्ट धरा" म्हणून सांगितलं. हाताने घट्ट धरून बसणं ही सेफ्टी नसते हो, राईडच्या झटक्यापुढे मनगटाचं काही चालत नाही.

आता माझी सूचना. भाजीवाल्याचा तराजू वैधमापन खातं तपासतं आणि शिक्का मारतं, रिक्षाच्या मीटरला शिशाचं सील असतं, ते तुटलेलं दिसलं तर रिक्षावाल्याला उत्तर द्यावं लागतं. अर्धा किलो वांग्यात ५० ग्रॅम कमी पडू नयेत म्हणून आपण एवढी व्यवस्था उभी केली आणि ती चांगलीच आहे. मग ज्या बारवर पोराचा जीव अडकलाय त्याच्या सेटिंगला सील का नाही? राईड जोडून झाली की तपासणाऱ्या इंजिनिअरने प्रत्येक सीटचा बार पूर्ण लावून फट मोजायची, जिथे सेन्सर आहे तिथे सेन्सरच्या नटवर रंगाची रेघ आणि तारेचं सील लावायचं, जिथे सेन्सर नाही तिथे निदान पिन आणि क्लिप योग्य मापाची आहे हे बघून सीटला नंबर टाकायचा, आणि सीटप्रमाणे तो तक्ता तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरात टांगायचा. सील तुटलं की ती सीट बंद, परत तपासल्याशिवाय उघडायची नाही. आमच्या कारखान्यात इंटरलॉकला अशी सीलं लावायला लागल्यापासून तारा बांधणं खरंच थांबलं, कारण रात्री कोणी हात लावला तर सकाळच्या शिफ्टला ते लांबूनच दिसतं.

दुसरं म्हणजे टेस्ट सीट. टेक्सासमध्ये २०१३ साली लाकडी सांगाड्यावर स्टीलचे रूळ असलेल्या एका मोठ्या रोलर कोस्टरवरून एक बाई पडून गेली, त्यानंतर राईड परत चालू करताना त्यांनी बेल्ट लावले, बारचं पॅडिंग बदललं आणि रांगेच्या तोंडाशी एक नमुना सीट ठेवली, बसून बघा, बार बसत असेल तरच पुढे जा. हे तर जत्रेतही जमण्यासारखं आहे, तिकीट खिडकीशेजारी एक जुनी सीट तोच बार लावून ठेवायची. लोकांसमोर वर चढवून मग उतरवलं की माणसाला अपमान वाटतो, भांडण होतं, आधीच खाली बसून बघितलं तर पैसेही वाया जात नाहीत आणि त्या ऑपरेटर पोराची पण सुटका होते. बार बसला नाही तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, हे तिकिटावरच छापलेलं पाहिजे.

तिसरं, जिथे एकच बार दोघांना आहे तिथे लहान मुलाशेजारी मोठा माणूस बसवू नका, किंवा मुलाला वेगळा बेल्ट द्या. याला काही फार खर्च येत नाही. मालक म्हणतील की आई शेजारी नसेल तर पोरगं रडतं. रडू दे, मग त्याला त्या राईडवर नेऊ नका, त्याच्यासाठी लहान मुलांची मेरी गो राऊंड आहेच की.

राजकोटला २०२४ च्या मे महिन्यात गेम झोनला आग लागून २७ माणसं गेली आणि मग गुजरातने राईड्स आणि गेम झोनसाठी वेगळे नियम केले. आगीसाठी का होईना पण केले. महाराष्ट्रात भोर तालुक्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये झिपलाईनच्या ठिकाणी उंचावरून पडून एक तरुणी गेली, तेव्हा दोन दिवस बातम्या आल्या आणि मग विषय मागे पडला. राईड असो, झिपलाईन असो की उंच पाळणा, माणूस उंचावर आहे आणि एका बकलवर आहे, तर त्या बकलची जबाबदारी कोणत्या खात्याची हे लायसनमध्येच एका ओळीत लिहिलेलं असावं, खात्याचं नाव आणि अधिकाऱ्याची सही.

जत्रा समित्यांनाही विनंती आहे, मैदानाचा लिलाव करताना जास्त बोलीवाल्याला जागा देता, तर बोलीच्या कागदात सीट तपासणीची अट टाका आणि ज्याचा तक्ता नाही त्याला जागा देऊ नका. यासाठी मुंबईहून कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही, समितीच्या एका बैठकीत हे होऊ शकतं. आमच्या भागातले आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे सर आणि आमच्यासारखे मेंटेनन्सवाले एक दिवस मोफत यायला तयार होतील, मी स्वतः येईन, फट मोजायला व्हर्नियर आणि फीलर गेज घेऊन येईन.

संपादक साहेब, आपल्या बातमीदारांना सांगून या वर्षीच्या जत्रांआधी जिल्हा प्रशासन, पोलीस आणि महापालिका तिघांनाही एकच प्रश्न विचारा, सीटचा बार शेवटचा कोणी आणि कोणत्या तारखेला तपासला, आणि जे उत्तर येईल ते याच पानावर छापा.

आपला,
एक मेंटेनन्स फिटर, सोलापूर